बेसबॉलमधली वर्णबंदी उठली, पण आत आले कोण?

दूरचा_किनारा (धागाकर्ता)

१५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनच्या एबेट्स फील्ड मैदानावर जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सच्या वतीने पहिल्या बेसवर (धावपटूला क्रमाने गाठाव्या लागणाऱ्या चार ठाण्यांपैकी पहिल्यावर) उभा राहिला आणि मेजर लीग बेसबॉलमध्ये, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, सुमारे सहा दशके चाललेली वर्णबंदी मोडली, एवढे खेळाची जुजबी माहिती असणाऱ्यालाही ठाऊक असते. त्या तारखेला आता मेजर लीगमधील सर्व संघांचे सर्व खेळाडू ४२ क्रमांकाचा शर्ट घालून खेळतात आणि एरवी तो क्रमांक १९९७ पासून कोणत्याही संघात नव्याने कोणालाही दिला जात नाही. हा गौरव योग्यच आहे. परंतु वर्षानुवर्षे ही कथा वाचताना मला असे वाटत आले आहे की तिच्यात एका माणसाच्या धैर्याचा हिशेब चोख मांडला जातो आणि एका संपूर्ण व्यवसायाचा हिशेब मात्र मांडलाच जात नाही. या धाग्यावर त्याच दुसऱ्या हिशेबाची चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. बंदी कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेली नव्हती. १८८४ साली मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) टोलेडो संघातून त्या काळच्या एका प्रमुख लीगमध्ये खेळला होता आणि त्याचा भाऊ वेल्डी हाही काही सामने खेळला. १८८७ च्या जुलै महिन्यात इंटरनॅशनल लीग या दुय्यम लीगच्या संघमालकांनी यापुढे कृष्णवर्णीय खेळाडूंशी नवे करार करायचे नाहीत असे मतदानाने ठरवले आणि पुढच्या काही वर्षांत ही समजूत कागदावर न येता सगळीकडे रुजली. १९२० पासून १९४४ मध्ये मृत्यू होईपर्यंत बेसबॉलच्या आयुक्तपदावर असलेले न्यायाधीश केनेसॉ माउंटन लँडिस तर असा कोणताही नियम अस्तित्वात नाही असे जाहीरपणे सांगत असत. नियम नसल्यामुळे तो रद्द करण्याची मागणी कोणाकडे करायची हाही प्रश्नच होता.

दार बंद झाल्यावर कृष्णवर्णीय खेळाडू घरी बसले नाहीत. रूब फॉस्टर या पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने), जो पुढे शिकागो अमेरिकन जायंट्स संघाचा मालक आणि मॅनेजर (क्रिकेटच्या प्रशिक्षकाचे आणि कर्णधाराचे बरेचसे अधिकार असलेला माणूस) झाला, फेब्रुवारी १९२० मध्ये कॅन्सस सिटीच्या वायएमसीएमध्ये इतर मालकांना एकत्र आणून निग्रो नॅशनल लीग स्थापन केली. (हे त्या काळचे अधिकृत नाव आहे, म्हणून तसेच वापरत आहे.) महामंदीत ती लीग बुडाली, पुन्हा उभी राहिली, जोडीला निग्रो अमेरिकन लीग आली. शिकागोच्या कोमिस्की पार्कवर १९३३ पासून दरवर्षी होणाऱ्या पूर्व विरुद्ध पश्चिम या सामन्याला चाळिशीच्या दशकात पन्नास हजारांच्या आसपास प्रेक्षक येत. या लीगमध्ये मालक, मॅनेजर, पंच, धावसंख्या नोंदवणारे, प्रवासव्यवस्था पाहणारे आणि वार्ताहर हे बहुतांशी कृष्णवर्णीय होते, आणि माझ्या मुद्द्याचा गाभा येथेच आहे.

१९४५ च्या ऑगस्ट अखेरीस डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी रॉबिन्सनला बोलावून घेतले तेव्हा तो कॅन्सस सिटी मोनार्क्स संघाचा खेळाडू होता. डॉजर्सने मोनार्क्सला त्याच्याबद्दल एक डॉलरही दिला नाही. पुढे रॉय कॅम्पानेला आणि डॉन न्यूकम यांनाही रिकी यांनी असेच नेले. दोन लीग एकत्र येणे, किंवा मोनार्क्स किंवा नेवार्क ईगल्ससारख्या संघाला मेजर लीगच्या रचनेत दुय्यम संघ म्हणून तरी स्थान मिळणे, असे काहीच घडले नाही. निवडक तरुण खेळाडू उचलले गेले आणि बाकीची इमारत ओस पडली. निग्रो नॅशनल लीग १९४८ च्या हंगामानंतर बंद झाली. म्हणून माझे म्हणणे असे आहे की १९४७ साली खेळाडूंना प्रवेश मिळाला. खेळ चालवणाऱ्यांना तो मिळाला नाही, आणि त्या दुसऱ्या प्रवेशाला पुढे कित्येक दशके लागली.

---

पंचनामा

धागा चांगला काढला आहे. मुख्य मुद्द्याकडे येण्यापूर्वी एक पुरवणी जोडतो, कारण रिकी यांच्या मनात एके दिवशी सद्बुद्धी उपजली आणि दार उघडले असा समज या कथेमुळे हटकून होतो.

त्या दारावर किमान दहा वर्षे धडका बसत होत्या. पिट्सबर्ग कुरिअरचे वेंडेल स्मिथ आणि बाल्टिमोर आफ्रो-अमेरिकनचे सॅम लेसी हे कृष्णवर्णीय पत्रकार सातत्याने लिहीत होते, आणि कम्युनिस्ट पक्षाच्या डेली वर्करमध्ये लेस्टर रॉडनी हा गौरवर्णीय क्रीडापत्रकार १९३६ पासून हाच विषय लावून धरत होता. महायुद्धात कृष्णवर्णीय सैनिक लढत असताना मायदेशी त्यांना चेंडूफळीही एकत्र खेळता येऊ नये, ही विसंगती लपवणे अवघड झाले होते. १९४५ साली न्यूयॉर्क राज्याने नोकरीत वंशभेद करण्यास मनाई करणारा आयव्हज-क्विन कायदा केला. त्या राज्यात मेजर लीगचे तीन संघ होते आणि तिन्ही या कायद्याच्या कक्षेत येत होते, हे रिकी यांना पुरते माहीत होते.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये बोस्टनमध्ये काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. आयझॅडोर मुचनिक या नगरसेवकाने, रविवारच्या सामन्यांना लागणाऱ्या परवानगीचा धाक घालून, रेड सॉक्स संघाला कृष्णवर्णीय खेळाडूंची चाचणी घेण्यास भाग पाडले. वेंडेल स्मिथ यांनी रॉबिन्सन, सॅम जेथ्रो आणि मार्विन विल्यम्स या तिघांना फेनवे पार्कवर आणले. चाचणी झाली आणि संघाने पुन्हा कधी कळवले नाही. ज्या संघाला रॉबिन्सन सर्वांच्या आधी मिळू शकला असता तो संघ सर्वांत शेवटी, म्हणजे २१ जुलै १९५९ रोजी, पंप्सी ग्रीनला घेऊन बदलला. तोपर्यंत रॉबिन्सन निवृत्त होऊन दोन वर्षे उलटली होती.

रिकी यांचे श्रेय मी नाकारत नाही. सोळा संघांपैकी पाऊल एकानेच उचलले. मात्र जमीन इतरांनी नांगरली होती.

---

अश्विनी_त

धागाकर्त्यांच्या मांडणीत तथ्य आहे, पण तिच्यात खेळाडूचा आवाज हरवतो आहे असे मला वाटते.

मोनार्क्समध्ये रॉबिन्सनला महिना ४०० डॉलर मिळत. मॉन्ट्रियल रॉयल्सने, म्हणजे डॉजर्सच्या दुय्यम संघाने, त्याला ३,५०० डॉलरचा बोनस आणि महिना ६०० डॉलर देऊ केले. कराराबाबत बोलायचे तर मोनार्क्सपाशी त्याच्यासाठीचा लेखी करार नव्हता, असे स्वतः रॉबिन्सनने रिकी यांना सांगितले होते. रात्रभर बसने प्रवास, वाटेत जेवायला हॉटेल नाही, एका दिवसात दोन किंवा तीन सामने, पंच कधी कोण असेल याचा भरवसा नाही, अशा स्थितीतून जो बाहेर पडतो त्याने मागे राहिलेल्या मालकाचे नुकसान का मोजावे? रॉबिन्सनने १९४८ साली एबनी मासिकात लेख लिहून निग्रो लीगच्या कारभारावर कडक टीका केली होती. नेवार्क ईगल्सच्या सहमालकीण एफा मॅनली यांनी त्याला तितकेच कडक उत्तर दिले, परंतु टीका करणारा माणूस त्या बसमध्ये बसलेला होता हे विसरून चालणार नाही.

दुसरे असे की, वर्णबंदीमुळेच जन्मलेला व्यवसाय वर्णबंदी उठल्यावर तसाच टिकावा ही अपेक्षा मुळात न्याय्य आहे का? जॉश गिब्सन हा त्या लीगमधील सर्वांत मोठा फटकेबाज २० जानेवारी १९४७ रोजी, वयाच्या ३५ व्या वर्षी वारला. रॉबिन्सनच्या पहिल्या सामन्याला तेव्हा तीन महिनेही उरले नव्हते. त्याच्या आयुष्याचा हिशेब मांडायचा तर दार आणखी दहा वर्षे आधी, कोणत्याही अटीवर उघडायला हवे होते, असेच म्हणावे लागेल.

---

दूरचा_किनारा

अश्विनीताई, खेळाडूंनी जाऊ नये असे मी म्हटलेले नाही आणि म्हणणारही नाही. माझा आक्षेप नेणाऱ्यांवर आहे. गौरवर्णीय दुय्यम लीगमधून खेळाडू उचलताना मेजर लीगचे संघ त्या संघाला मोबदला देत असत. तो रिवाज होता. येथे तो पाळला गेला नाही आणि कारण म्हणून रिकी यांनी त्या लीगना लीग म्हणणेच नाकारले. हेच रिकी त्या लीगमध्ये कोण उत्तम खेळते याची माहिती काढण्यासाठी माणसे पाठवत होते. लीग नसेल तर गुणवत्ता कोठून तयार झाली?

आणि या लीगवर मेजर लीगवाले पैसेही कमावत होते. मोठी मैदाने त्यांच्याच मालकीची असल्यामुळे निग्रो लीगच्या संघांना ती भाड्याने घ्यावी लागत. १९४६ साली मेजर लीगच्या मालकांच्या समितीने तयार केलेल्या अंतर्गत अहवालात एकट्या न्यूयॉर्कच्या यांकी संस्थेला अशा सामन्यांतून वर्षाला सुमारे एक लाख डॉलर मिळतात असा उल्लेख होता, आणि खेळाडू घेतल्यास हे उत्पन्न बुडेल अशी चिंताही होती. म्हणजे वर्णबंदीला तिरस्काराइतकाच भाड्याचाही आधार होता.

---

मधली_फळी

मी क्रिकेट पाहणारी वाचक आहे, त्यामुळे एक प्राथमिक प्रश्न विचारते. रॉबिन्सन पहिल्याच हंगामात इतका ठसा कसा उमटवू शकला? त्याची फलंदाजीची सरासरी (फलंदाजीच्या संधींमागे यशस्वी फटक्यांचे, म्हणजे हिटचे, प्रमाण) त्या वर्षी ०.२९७ होती असे दिसते, जी चांगली असली तरी अद्भुत वाटत नाही. आणि तो मूळचा दुसऱ्या बेसचा खेळाडू असताना त्याला पहिल्या बेसवर का उभे केले?

---

दूरचा_किनारा

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्या बेसवर डॉजर्सकडे एडी स्टँकी होता. रॉबिन्सनला पहिला बेस नवखा होता आणि तेथे एक वेगळाच धोका होता, कारण धावत येणारा प्रत्येक फलंदाज त्याच बेसवर पाय टाकतो आणि बुटाला खिळे असतात. ऑगस्ट १९४७ मध्ये सेंट लुईसच्या ईनॉस स्लॉटरचे खिळे रॉबिन्सनच्या पायाला लागले. ते मुद्दाम होते की नाही यावर दोन्ही बाजूंनी आजवर वाद घातला जातो. १९४८ मध्ये स्टँकी दुसऱ्या संघात गेला आणि रॉबिन्सन आपल्या जागी परतला.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरासरीत सापडणार नाही, ते बेसवर सापडेल. बेसबॉलमध्ये पिचर चेंडू टाकण्याच्या तयारीत असताना बेसवरचा धावपटू पुढचा बेस ‘चोरू’ शकतो. विख्यात फटकेबाज बेब रूथच्या काळापासून गौरवर्णीय लीगमध्ये भर उत्तुंग फटक्यांवर होता आणि बेस चोरण्याची कला मागे पडली होती, तर निग्रो लीगमध्ये हलका बंट (चेंडू जवळच थोपवून ठेवणे), वेगवान धाव, पिचरला सतत अस्वस्थ ठेवणे हा खेळाचा प्राणच होता. रॉबिन्सन ती शैली घेऊन आला. पहिल्या वर्षी त्याने २९ बेस चोरले, नॅशनल लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक, दुसरा अमेरिकन लीग) सर्वांत जास्त. तिसऱ्या बेसवरून थेट होम प्लेट (जेथे पोहोचल्यावर धाव मिळते ते शेवटचे ठाणे) चोरणे हा सर्वांत धाडसी प्रकार त्याने कारकिर्दीत १९ वेळा साधला, आणि १९५५ च्या वर्ल्ड सीरिजच्या (हंगामाअखेरच्या विजेतेपदाच्या मालिकेच्या) पहिल्या सामन्यात यांकीविरुद्धही करून दाखवला. १९४९ मध्ये ०.३४२ ची सरासरी आणि ३७ बेस यांच्या बळावर तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पहिल्या हंगामाचे सांगायचे तर हे सारे त्याने फिलाडेल्फियाचा मॅनेजर बेन चॅपमन डगआउटमधून (मैदानालगतच्या संघाच्या बाकांवरून) वंशवाचक शिव्यांचा वर्षाव करत असताना, आणि उलट उत्तर न देण्याचा शब्द रिकी यांना दिलेला असताना केले. सरासरीचा आकडा या पार्श्वभूमीवर वाचावा.

---

पसेइकच्या_काठी

न्यू जर्सीत राहतो म्हणून या धाग्यावर लिहिण्याचा मोह आवरत नाही. येथे राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी बहुतेकजण पॅटरसनचा धबधबा पाहून आलेले असतात, पण त्या धबधब्यालगतच असलेल्या हिंचलिफ स्टेडियमकडे फारसे कोणी वळत नाही. १९३२ साली बांधलेले हे मैदान न्यूयॉर्क ब्लॅक यांकीज संघाचे घरचे मैदान होते. निग्रो लीगची जी मोजकी मैदाने आज उभी आहेत त्यांपैकी हे एक. वर्षानुवर्षे ओसाड राहिल्यानंतर ते दुरुस्त होऊन २०२३ मध्ये पुन्हा उघडले आणि आता तेथे व्यावसायिक सामनेही होतात.

याच पॅटरसनमध्ये लॅरी डोबी वाढला आणि याच मैदानावर त्याची नेवार्क ईगल्ससाठी चाचणी झाली. रॉबिन्सननंतर अकरा आठवड्यांनी, ५ जुलै १९४७ रोजी, तो क्लीव्हलँड इंडियन्सकडून अमेरिकन लीगमध्ये खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. रॉबिन्सनला मॉन्ट्रियलमध्ये एक पूर्ण हंगाम तयारीसाठी मिळाला. डोबी शुक्रवारी ईगल्समध्ये होता तो शनिवारी शिकागोत क्लीव्हलँडच्या गणवेशात उभा होता. शिव्या त्याने तितक्याच खाल्ल्या, हॉटेले त्यालाही तितकीच बंद होती, तरीही ‘दुसरा’ असल्यामुळे त्याचे नाव मागे राहिले. बेसबॉलमधील थोरांचा सन्मान करणाऱ्या हॉल ऑफ फेममध्ये रॉबिन्सन १९६२ साली गेला, डोबी १९९८ साली.

धागाकर्त्यांच्या मूळ मुद्द्याशी डोबीचा थेट संबंध आहे. ईगल्सच्या सहमालकीण एफा मॅनली यांनी न्यूकमच्या वेळी फुकट गमावले होते, त्यामुळे क्लीव्हलँडचे मालक बिल व्हेक यांच्याशी त्यांनी व्यवहार बोलूनच घेतला. व्हेक यांनी १०,००० डॉलर आणि डोबी टिकल्यास आणखी ५,००० डॉलर देण्याचे मान्य केले. हाच खेळाडू गौरवर्णीय असता तर तुम्ही एक लाख मोजले असते, असे मॅनली यांनी त्यांना तोंडावर सुनावले होते. मॉन्टी आयर्विनच्या वेळी त्या रिकी यांच्याशी भिडल्या. रिकी यांनी माघार घेतली आणि शेवटी न्यूयॉर्क जायंट्सने आयर्विनसाठी ५,००० डॉलर दिले. तोवर ईगल्स संघच विकला गेला होता. १९४६ साली काळ्यांच्या वर्ल्ड सीरिजचा विजेता असलेला हा संघ दोनच वर्षांत मोडीत निघाला, कारण नेवार्कचा प्रेक्षक रेल्वेने ब्रुकलिनला रॉबिन्सन पाहायला जाऊ लागला. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये आजवर एकच स्त्री आहे, ती म्हणजे याच मॅनली.

---

सरळरेषा

थोडी विरोधी बाजू मांडतो. निग्रो लीगच्या मालकांना हुतात्मे करण्याची घाई होते आहे. पिट्सबर्ग क्रॉफर्ड्सचे गस ग्रीनली, न्यूयॉर्क क्यूबन्सचे अॅलेक्स पॉम्पेझ आणि खुद्द मॅनलीबाईंचे पती एब हे सगळे ‘नंबर्स’ म्हणजे आपल्याकडच्या मटक्यासारख्या आकड्यांच्या जुगारातून पैसा उभा केलेले लोक होते. रिकी यांनी या व्यवसायाला टोळीबाजी म्हटले त्यात स्वार्थ होता हे मान्य, पण ते धादांत खोटेही नव्हते. अशा लोकांना मेजर लीगने भागीदार करून घ्यावे अशी अपेक्षा १९४६ मध्ये करणे म्हणजे आजचे चष्मे लावून तेव्हाचे पाहणे आहे.

---

पंचनामा

सरळरेषा, ही माहिती खरी आहे, पण तिचा अर्थ आपण उलटा लावत आहात. त्या काळी बँका कृष्णवर्णीय उद्योजकाला कर्ज देत नव्हत्या. वस्तीत रोख भांडवल ज्याच्याकडे साचत असे असा माणूस म्हणजे आकडे चालवणारा, त्यामुळे संघ, हॉटेल, दवाखाना, शिष्यवृत्ती सगळ्याला पैसा तेथूनच येई. ग्रीनली यांनी त्याच पैशातून १९३२ मध्ये पिट्सबर्गला स्वतःचे मैदान बांधले, जेणेकरून आपल्या खेळाडूंना दुसऱ्याच्या मैदानावर कपडे बदलण्याचीही बंदी सोसावी लागू नये. शिवाय मेजर लीगच्या मालकांत दारूचे कारखानदार आणि घोड्यांच्या शर्यतींशी हितसंबंध असणारे लोक होतेच. पॉम्पेझ तर पुढे न्यूयॉर्क जायंट्सकडेच खेळाडू शोधण्याच्या कामावर रुजू झाले आणि लॅटिन अमेरिकेतले खेळाडू त्यांनीच मोठ्या संख्येने आणले. २००६ साली त्यांना हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. म्हणजे त्यांची नजर आणि ओळखी चालल्या. मालकी चालली नाही.

---

दख्खनी_वारा

ब्रुकलिन आणि क्लीव्हलँडवर बरेच लिहून झाले आहे, पण खरी कसोटी दक्षिणेतील दुय्यम लीगमध्ये लागली आणि तिची कथा फारशी सांगितली जात नाही. मेजर लीगमध्ये जाण्यापूर्वी खेळाडूला छोट्या गावांतील संघांतून वर यावे लागते, आणि त्यांतील पुष्कळ संघ अलाबामा, जॉर्जिया, मिसिसिपी, फ्लोरिडा येथे होते. १९४६ च्या वसंतात फ्लोरिडातील सॅनफर्ड गावातून रॉबिन्सनला सराव अर्धवट टाकून निघून जावे लागले होते, कारण गावातील काही लोकांनी तशी धमकी दिली होती.

सात वर्षांनंतरही चित्र कसे होते ते पाहा. १९५३ साली अर्कान्सासमधील हॉट स्प्रिंग्ज संघाने जिम आणि लिअँडर टगरसन या कृष्णवर्णीय पिचर भावांना करारबद्ध केले, तर कॉटन स्टेट्स लीगच्या इतर मालकांनी त्या संघालाच लीगमधून काढून टाकण्याचा ठराव केला. वरिष्ठ संघटनेने तो रद्द केला, तरीही मे महिन्यात जिमला मैदानात उतरवताच तो सामना प्रतिस्पर्धी संघाला बहाल करण्यात आला. जिमने लीगविरुद्ध खटला भरला, पण मेजर लीगचे दर्शन त्याला कधीच घडले नाही. त्याच वर्षी एकोणीस वर्षांचा हँक अॅरन, होरेस गार्नर आणि फेलिक्स मँटिया यांच्यासह जॅक्सनव्हिलकडून साउथ अटलांटिक लीगमध्ये खेळला. तेथे आजवर एकही कृष्णवर्णीय खेळला नव्हता. अॅरन त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि संघाच्या हॉटेलात मात्र त्याला वर्षभर झोपता आले नाही.

याहून बोलके उदाहरण सदर्न असोसिएशन या जुन्या लीगचे आहे. १९५४ साली अटलांटा क्रॅकर्सकडून नॅट पीपल्स हा एक कृष्णवर्णीय खेळाडू दोन सामने खेळला आणि त्याला खाली पाठवून देण्यात आले. त्यानंतर त्या लीगने दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू घेतलाच नाही. मेजर लीगचे संघ आपले होतकरू खेळाडू तेथे पाठवू शकेनासे झाले, प्रेक्षक आटले आणि १९६१ च्या हंगामानंतर लीग बंद पडली. बुडणे पत्करले पण बदलणे नाही, असा हा दुर्मीळ नमुना आहे.

आणि हे सर्व छोट्या संघांपुरतेच होते असे समजू नये. मेजर लीगचे संघ वसंत ऋतूतील सरावासाठी फ्लोरिडात जात तेव्हा साठच्या दशकाच्या आरंभापर्यंत त्यांचे कृष्णवर्णीय खेळाडू वेगळ्या वस्तीत, खासगी घरांत राहत. १९६१ साली सेंट लुईस कार्डिनल्सच्या बिल व्हाइटने एका न्याहारीच्या निमंत्रणात फक्त गौरवर्णीय खेळाडूंची नावे का, असा जाहीर प्रश्न विचारला, आणि वेंडेल स्मिथ यांनी त्याच वर्षी वृत्तपत्रातून मोहीम चालवली, तेव्हा कोठे मालक हलले. रॉबिन्सनच्या पदार्पणाला तेव्हा चौदा वर्षे झाली होती.

---

अश्विनी_त

दख्खनी_वारा यांचा प्रतिसाद फार आवडला. त्याला जोडून एक हिशेब देते, जो धागाकर्त्यांच्या बाजूने जातो, तरीही देते.

नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा पुरस्कार १९४९ ते १९५३ या पाचही वर्षी न्यूकम, जेथ्रो, विली मेज, जो ब्लॅक आणि जिम गिलियम यांना मिळाला. हे पाचही निग्रो लीगमधून आलेले. नॅशनल लीगचाच सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार १९४९ ते १९५९ या अकरा वर्षांत नऊ वेळा रॉबिन्सन, कॅम्पानेला, मेज, न्यूकम, अॅरन आणि अर्नी बँक्स यांच्याकडे गेला, आणि हे सहाही जण निग्रो लीगच्या संघांतून खेळून आलेले होते. याच काळात अमेरिकन लीगचे बहुतेक संघ हात आखडून बसले होते. यांकीने एल्स्टन हॉवर्डला १९५५ मध्ये घेतले, डेट्रॉइटने ओझी व्हर्जिलला १९५८ मध्ये, आणि बोस्टनचे वर आलेच आहे. या संघांचे मालक पैशाचे लोभी होते असे म्हणावे तर लोभालाही त्यांनी अग्रक्रम दिला नाही.

मोबदला न देता नेलेली ही मालमत्ता किती मोलाची होती ते या यादीवरून दिसते, एवढे मी मान्य करते. खेळाडूंनी थांबायला हवे होते हे मात्र अजूनही मान्य नाही.

---

उंबरठा

खेळ चालवणाऱ्यांचा मुद्दा पुढे नेतो. निग्रो लीगमध्ये अनुभवी मॅनेजरांची वाण नव्हती. त्यांपैकी एकालाही मेजर लीगच्या संघाने मॅनेजर नेमले नाही. बक ओनील यांनी मोनार्क्सचा संघ अनेक वर्षे सांभाळला, अर्नी बँक्सला घडवले. शिकागो कब्सने त्यांना आधी खेळाडू शोधण्याचे काम दिले आणि १९६२ मध्ये मेजर लीगमधील पहिला कृष्णवर्णीय कोच म्हणून नेमले, पण सामन्यात पहिल्या किंवा तिसऱ्या बेसजवळ उभे राहून धावपटूंना सूचना देण्याचे काम त्यांना कधी करू दिले नाही.

१५ ऑक्टोबर १९७२ रोजी वर्ल्ड सीरिजच्या सामन्यापूर्वी रॉबिन्सनचा सत्कार झाला तेव्हा, मधुमेहाने दृष्टी जवळजवळ गेलेली असताना, त्याने तिसऱ्या बेसच्या बाजूला एखादा कृष्णवर्णीय मॅनेजर दिसावा अशी इच्छा बोलून दाखवली. नऊ दिवसांनी तो वारला. फ्रँक रॉबिन्सन हा पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर १९७५ च्या हंगामात क्लीव्हलँडला मिळाला, तोही आरंभी खेळाडू आणि मॅनेजर अशा दुहेरी भूमिकेत. दुसरा १९७८ मध्ये लॅरी डोबी, शिकागो व्हाइट सॉक्सकडे, आणि त्याला जेमतेम अर्धा हंगाम दिला गेला. १९८७ मध्ये, रॉबिन्सनच्या पदार्पणाला चाळीस वर्षे झाल्यानिमित्त झालेल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात, डॉजर्सचेच अधिकारी अल कॅम्पानिस यांनी कृष्णवर्णीयांत मॅनेजर होण्यासाठी लागणारे काही गुण नसावेत, असे शांतपणे सांगितले. त्यांना काढून टाकण्यात आले, पण असा विचार ते एकटेच करत होते असे कोणी मानले नाही.

ओनील यांच्याविषयी आणखी एक. २००६ मध्ये हॉल ऑफ फेमने निग्रो लीग आणि त्यापूर्वीच्या काळातील सतरा जणांना एकदम प्रवेश दिला; ओनील यांचे नाव मतांअभावी राहिले. ९४ वर्षांचे ओनील तरीही त्या समारंभात गेले, त्या सतरा दिवंगतांच्या वतीने भाषण केले आणि प्रेक्षकांना हातात हात घालून गायला लावले. त्याच ऑक्टोबरात ते गेले. त्यांची निवड झाली ती २०२१ च्या डिसेंबरात.

---

मधली_फळी

शेवटचा प्रश्न. मेजर लीगने निग्रो लीगचे विक्रम आता आपल्या नोंदीत घेतले आहेत असे वाचले. त्यात १९४८ हीच सीमा का, आणि त्याने प्रत्यक्षात काय बदलले?

---

दूरचा_किनारा

डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ या काळातील सात निग्रो लीगना प्रमुख लीगचा दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी अधिकृत नोंदीत मिसळली. १९४८ ही सीमा घेतली, कारण त्या हंगामानंतर निग्रो नॅशनल लीग बंद झाली आणि उरलेल्या निग्रो अमेरिकन लीगमधील उत्तम खेळाडू भराभर बाहेर गेले.

बदल मोठा आहे. टाय कॉबची ०.३६७ ही कारकिर्दीची सरासरी मागे पडून जॉश गिब्सनची ०.३७२ पहिल्या क्रमांकावर आली. एका हंगामाची सर्वोच्च सरासरीही आता त्याच्याच नावावर, १९४३ ची ०.४६६. त्या लीगचे अधिकृत हंगाम लहान होते आणि संघ उरलेले महिने गावोगाव फिरून खेळत, जे सामने मोजलेच जात नाहीत. म्हणून ही तुलना असमान आहे अशी तक्रार होते. तक्रार गैर नाही, पण १९४७ पूर्वीचे गौरवर्णीय विक्रमही कृष्णवर्णीय खेळाडूंना बाहेर ठेवूनच झालेले होते, आणि त्यांच्या पुढे कोणी तारांकित टीप लावत नाही.

सीमेचा परिणाम दोन मोठ्या नावांवर कसा झाला तेही सांगतो. विली मेज १९४८ मध्ये बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्सकडून खेळला होता, म्हणून त्याचे त्या वर्षीचे दहा हिट त्याच्या खात्यात जमा झाले. हँक अॅरन इंडियानापोलिस क्लाउन्सकडून खेळला तो १९५२ मध्ये, म्हणून त्याचे तेव्हाचे काहीही मोजले गेले नाही आणि त्याचे होमरन (चारही बेस एकदम पूर्ण करून देणारे फटके) पूर्वीप्रमाणेच ७५५ राहिले.